अमेरिकेतलं पहिलं कंपनी सरकार: जेम्सटाऊन

जेम्सकाठचा

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ राहतोय, जेम्सटाऊनला (इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत) पाच वेळा जाऊन आलो आणि पाचही वेळा कुणी ना कुणी पाहुणे आले म्हणून. या मे महिन्यात आईबाबा आले होते. बाबा महसूल खात्यातून रिटायर झालेत, तलाठ्यापासून नायब तहसीलदारापर्यंत, त्यामुळे त्यांना नायगारा दाखवा नाहीतर अजून काही, डोकं एकाच दिशेने चालतं. तिथे चर्चच्या जागेवर गाईड सांगत होती की १६१९ मध्ये इथे लोकांनी निवडून दिलेली पहिली सभा भरली, लोकशाहीची सुरुवात वगैरे, सगळे माना डोलावतायत, आणि बाबा माझ्या कानात, "ते ठीक आहे रे, पण सातबारा कुणाच्या नावावर होता?"

मी हसलो खरा पण उत्तर येईना. मग दोनतीन आठवडे रात्री वाचत बसलो आणि लक्षात आलं की बाबांचा प्रश्नच खरा आहे. म्हणून हा धागा. चुकलं तर कान पकडा.

तर मुळात राजा आलाच नव्हता, आली होती कंपनी. १० एप्रिल १६०६ ला पहिल्या जेम्सने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. खर्च शेअरहोल्डरांचा, बुडाले तर तेच बुडणार, राजाला बसल्या जागी सोन्याचांदीचा पाचवा हिस्सा (सापडलं तर). डिसेंबरात तीन जहाजं निघाली, सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी, आणि वारा उलटा म्हणून कित्येक आठवडे इंग्लंडच्या किनाऱ्यासमोरच डुलत बसली. मे १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि पोरं जेम्सटाऊनला उतरली, बाई एकही नाही. कारभार कोण करणार हे लंडनहून सीलबंद पेटीत घालून दिलेलं, पोचल्यावरच उघडायची. उघडली तर सात नावांमध्ये जॉन स्मिथ, जो बंडाच्या आरोपावरून वाटेत जहाजावरच कैदेत होता! हायकमांडचा लिफाफा म्हणतात तो हाच.

जागा निवडली स्पॅनिश जहाजांपासून लपायला बरी म्हणून, आणि पाणी काठालाच इतकं खोल की जहाज सरळ झाडाला बांधावं. पण दलदल, डास, उन्हाळ्यात नदीचं पाणी खारट. त्यात दुष्काळ. तिकडच्या जुन्या सायप्रस झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून शास्त्रज्ञांनी काढलंय की १६०६ ते १६१२ ही सात वर्षं गेल्या ७७० वर्षांतली सगळ्यात कोरडी. म्हणजे मुहूर्त बघायला हवा होता. थंडी यायच्या आत निम्मे मेले. १६०९-१० च्या हिवाळ्यात तर किल्ल्यात तीनशेच्या आसपास माणसं होती ती वसंतापर्यंत साठ उरली. घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, उंदीर खाल्ले. आणि पुढचंही. २०१२ च्या खोदकामात साधारण १४ वर्षांच्या इंग्लिश मुलीची कवटी सापडली, तिच्यावर मांस काढल्याच्या खुणा आहेत. तिथल्या म्युझियममध्ये ठेवलीय, आई बघून बाहेर जाऊन बसली.

त्यानंतर कंपनीने लष्करी कायदा आणला. थॉमस डेल नावाचा कडक माणूस. गोदामातून चोरी केली, मृत्यूदंड. परवानगीशिवाय कोंबडी मारली, मृत्यूदंड. पळून तिथल्या मूळ रहिवासी इंडियन लोकांकडे गेला, मृत्यूदंड. आणि हे सगळं असून गाव तोट्यातच. वाचवलं तंबाखूने. जॉन रोल्फने १६१२ च्या सुमारास स्पॅनिश मुलखातलं गोड जातीचं बी लावलं. गंमत म्हणजे याच राजाने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली होती, पण जकात सोडवत नाही कुणाला.

आता मुद्दा. तंबाखूला माणसं लागतात आणि असल्या मसणात येणार कोण? म्हणून १६१८ मध्ये कंपनीने नवीन धोरण काढलं, जो स्वतःच्या खर्चाने येईल त्याला ५० एकर आणि दुसऱ्याला खर्च करून आणेल तर त्या प्रत्येक डोक्यामागे अजून ५० एकर. लष्करी कायदा बंद. आणि वस्त्यांनी दोन दोन माणसं निवडून पाठवायची, गव्हर्नरबरोबर बसून स्थानिक नियम करायचे. ३० जुलै १६१९ ला चर्चमध्ये ती सभा भरली, ११ वस्त्यांचे २२ बर्जेस (निवडून आलेले प्रतिनिधी), गव्हर्नर जॉर्ज यार्डली. उकाडा असला की एक बर्जेस सभा चालू असतानाच वारला आणि ४ ऑगस्टला सगळं आवरतं घेतलं. नियम काय केले? आळशीपणा नको, जुगार नको, दारू पिऊन गोंधळ नको, रविवारी चर्चला या, आणि चांगल्या तंबाखूचा भाव पौंडाला ३ शिलिंग, हलक्याचा १८ पेन्स. विधानसभा कसली, विविध कार्यकारी सोसायटीची सभाच ती!

माझं मत असं की ही सभा उदात्त विचारातून आलेली नाही, माणसं टिकत नव्हती म्हणून आली. आमच्या ऑफिसात त्याला रिटेन्शन पॉलिसी म्हणतात.

---

कोकणकन्या११

मस्त लिहिलंय दादा. हायकमांडचा लिफाफा, हसून हसून पुरेवाट. पण ते गाव गायब झालं होतं ते हेच का? झाडावर काहीतरी कोरलेलं?

---

निळाडबा

@कोकणकन्या, नै नै, ते रोआनोक. वीस वर्षं आधीचं, वॉल्टर रॅलेच्या सनदेवर, आजच्या नॉर्थ कॅरोलायनात. १५८७ मध्ये जॉन व्हाईट शंभरावर माणसं घेऊन आला, बायकामुलं धरून. त्याची नात तिथेच जन्मली, व्हर्जिनिया डेअर, १८ ऑगस्ट १५८७, आणि हा काही दिवसांत सामान आणायला म्हणून इंग्लंडला परत गेला. तिकडे स्पेनच्या आरमाराशी लढाईची धामधूम, जहाजं मिळेनात, तीन वर्षांनी १५९० मध्ये परत आला तर माणूस नाही, खांबावर फक्त क्रोएटोआन एवढं कोरलेलं. ते शेजारच्या बेटाचं आणि तिथल्या लोकांचं नाव. म्हणजे सरळ अर्थ घ्यायचा तर 'आम्ही क्रोएटोआनला गेलोय' अशी दारावरची चिठ्ठीच होती, पण वादळामुळे व्हाईटला तिथे जाताच आलं नाही. भुताखेताच्या गोष्टी नंतरच्या लोकांनी रचल्या.

---

खवचटआजोबा

धागाकर्त्याने छान लिहिलंय पण सोयीस्कर तारखेला थांबलाय. ४ ऑगस्टला सभा संपली ना, त्याच महिन्याच्या शेवटी व्हर्जिनियातल्याच पॉइंट कम्फर्टला व्हाईट लायन नावाचं जहाज लागलं आणि त्यातून वीसेक अंगोलातली माणसं उतरवली, खायच्या सामानाच्या बदल्यात विकली. यार्डलीने आणि त्याच्या एका व्यापारी साथीदाराने घेतली. म्हणजे ज्याने सभा भरवली त्यानेच चार आठवड्यात माणसं विकत घेतली. लोकशाही म्हणे.

---

जेम्सकाठचा

आजोबा, मान्य. सोयीस्कर नाही, लांबी वाढली म्हणून थांबलो. पण तुमच्या मुद्द्याने माझंच म्हणणं पक्कं होतं बघा, डोक्यामागे ५० एकर म्हटल्यावर डोकी जमवण्याचा धंदाच झाला.

---

वऱ्हाडीठेचा

आन् ते गोरे मजूर पन काय सुखात नव्हते ना भाऊ. बोटीचं भाडं नाही म्हणून चार ते सात वर्षं कागद लिहून द्यायचा, मालक खायला देईन अन् काम करून घेईन. आपल्याकडं सालगडी राह्यते ना तसंच, फक्त साल एक नाही, सात. अन् लै जन मुदत संपायच्या आधीच मरून जायचे. जमीन मालकाले भेटे, ज्याच्या डोक्यावर भेटली तो मातीत.

---

खवचटआजोबा

फरक आहे ठेचासाहेब. त्या गोऱ्याचं पोर सालगडी म्हणून जन्माला येत नव्हतं. १६६२ मध्ये याच तुमच्या लोकशाही सभेने कायदा केला की मूल आईच्या दर्जाचं, आई गुलाम तर मूल गुलाम. १६१९ ला गुलामीचा कायदाच नव्हता, नंतर तुकड्या तुकड्याने तो निवडून आलेल्या लोकांनीच केला. हे लिहिल्याशिवाय धागा अपुरा.

---

वऱ्हाडीठेचा

हे बरोबर आहे. पटलं.

---

गिरगावचावकील

धागाकर्त्याच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, सातबाराचा प्रश्न विचारणारा माणूस लाखात एक. उत्तर आहे आणि ऐकून ते खुर्चीतून पडतील.

१६०६ च्या सनदेत लिहिलंय की व्हर्जिनियाची जमीन राजाकडून धरायची ती केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनविच या मॅनरचा (जहागिरीसारखी इस्टेट) भाग असल्यासारखी. म्हणजे कागदोपत्री अख्खा व्हर्जिनिया लंडनजवळच्या एका गावठाणात मोडतो! कारण असं की इंग्लंडमध्ये सरदार जमीन धरायचे ती युद्धात शिपाई पुरवायच्या वगैरे अटींवर, कटकटी फार. ग्रीनविचची जमीन साध्या प्रकारची, ठरलेला खंड भरा आणि मोकळे व्हा. कंपनीला तेच हवं होतं. वकिलांनी जुना मसुदा उचलून चिकटवला, आम्ही आजही तेच करतो.

आता पुढचं ऐका. मुंबई पोर्तुगीजांनी १६६१ च्या लग्नाच्या तहात दुसऱ्या चार्ल्सला दिली हे सगळ्यांना पाठ असतं. त्याने २७ मार्च १६६८ ला ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली वर्षाला १० पौंड सोन्यात, हेही पाठ असतं. पण त्या सनदेतही तेच वाक्य आहे, ईस्ट ग्रीनविचच्या मॅनरप्रमाणे. तेव्हा माझं गिरगाव आणि तुमचं जेम्सटाऊन एकाच सजाचे. मौजे मुंबई, तर्फ ईस्ट ग्रीनविच, जिल्हा केंट.

---

कोकणकन्या११

काय सांगताय काय!! वाचनखूण साठवली आहे.

---

सुरतेचीस्वारी

वकीलसाहेबांना +१. फक्त मसुदाच नाही, माणसंही तीच होती. सर थॉमस स्माइथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर आणि तोच १६०९ पासून १६१९ पर्यंत व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, म्हणजे तिथला मुख्य माणूस. एकाच टेबलावर एका बाजूला मिरी आणि दुसऱ्या बाजूला तंबाखू.

वर ज्या तीन जहाजांचं लिहिलंय त्यांचा कप्तान क्रिस्तोफर न्यूपोर्ट. हा बाबा नंतर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १६१५ मध्ये सर थॉमस रो ज्या जहाजातून सुरतेला आला, तोच जहांगीरच्या दरबारातला रो, त्या लायन जहाजाचा कप्तान न्यूपोर्ट! पुढे १६१७ मध्ये जावा बेटावर बँटमला मेला. आणि तो कोंबडीवाला डेल? तोही व्हर्जिनियाहून परत जाऊन कंपनीच्या आरमाराचा प्रमुख होऊन इकडे आला, डचांशी लढला, आणि मछलीपट्टणला वारला ऑगस्ट १६१९ मध्ये. जेम्सटाऊनची सभा उठली त्याच महिन्यात.

उलट दिशेनेही एक उदाहरण आहे. १६३५ च्या व्हर्जिनियाच्या जमिनीच्या कागदात जॉर्ज मेनिफी नावाच्या माणसाने ज्या डोक्यांवर जमीन घेतली त्यात एक नाव आहे, 'टोनी, ईस्ट इंडियन'. एवढंच. खरं नाव नाही, गाव नाही. त्या टोनीच्या नावावर ५० एकर मिळाले, मेनिफीला.

---

पाटीपुस्तक

मग एक बाळबोध प्रश्न. सनद सारखी, माणसं सारखी, मालक कंपनीच. तिकडे बारा वर्षांत सभा आणि मुंबईला का नाही?

---

सुरतेचीस्वारी

बाळबोध नाही, कळीचा आहे. सुरतेला कंपनी म्हणजे मुघलांच्या परवान्यावर बसलेली वखार. नोकर पगारी, जमीन नाही, माल घ्यायचा, जहाज भरायचं. शेतकरी आणायचेच नव्हते. व्हर्जिनियात माल विकत घ्यायला बाजारच नव्हता, तिथे पिकवावं लागलं आणि पिकवायला इंग्लंडहून माणूस आणावा लागला, आणि इंग्लिश माणूस जमीन मिळाली की पाठोपाठ 'आमच्या संमतीशिवाय कर नको' म्हणतो. मुंबईत माणसं आधीच होती, कोळी, भंडारी, पाठारे प्रभू, पोर्तुगीज जमीनदार. तरी जमिनीवरून भांडण झालंच आणि १६७२ मध्ये गव्हर्नर ऑंजियरने जमीनदारांशी करार केला, वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणं) भरा आणि जमिनी तुमच्या. सभा नाही, पण सौदा झाला. जमातींच्या पंचायतीही त्याने चालू दिल्या.

---

बॉस्टनचीबाय

व्हर्जिनियावाले सगळं क्रेडिट घेऊन जातायत म्हणून लिहिते. १६२० ला मेफ्लॉवर आलं, १०२ प्रवासी, त्यांचा परवाना व्हर्जिनिया कंपनीच्या उत्तर हद्दीचा होता आणि पोचले केप कॉडला, हद्दीबाहेर. म्हणजे सातबाराच लागू नाही! काही जण म्हणायला लागले आता आम्हाला कुणाचा हुकूम नाही, म्हणून मग जहाजावरच ४१ पुरुषांनी सह्या करून करार केला की आपण मिळून कायदे करू आणि पाळू. गरजेपोटीच तेही.

पण खरी कमाल मॅसॅच्युसेट्स बे कंपनीची. १६२९ ची सनद, बाकी सनदांसारखीच, गव्हर्नर, शेअरहोल्डर, वर्षातून चार वेळा सर्वसाधारण सभा. फक्त सभा कुठे भरायची हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. जॉन विन्थ्रॉप आणि मंडळींनी काय केलं, १६३० मध्ये येताना सनदेचा कागदच बरोबर घेऊन आले! मुख्य कचेरीच अमेरिकेत. मग शेअरहोल्डर म्हणजे नागरिक (अर्थात चर्चचा सभासद असलेला पुरुषच) आणि एजीएम म्हणजे विधानसभा. आजही आमच्या राज्याच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव जनरल कोर्टच आहे. मी इथे नवीन असताना पेपरात वाचून मला वाटायचं कोर्टात रोज कसले कायदे पास होतायत.

---

जेम्सकाठचा

ताई भारीच! आमच्या इथे कंपनी टिकली नाही. २२ मार्च १६२२ ला पोव्हाटन लोकांनी (तिथले मूळ रहिवासी) ओपेकॅनकनोच्या नेतृत्वाखाली एकाच सकाळी हल्ला केला, ३४७ मेले, लंडनमध्ये शेअरहोल्डरांची भांडणं, आणि १६२४ ला राजाने सनदच रद्द करून वसाहत ताब्यात घेतली. हजारो माणसं पाठवली होती, पुढच्या वर्षीच्या मोजणीत साधारण १२०० सापडली. मजा म्हणजे राजाने सभेला लेखी मान्यता दिलीच नाही, तरी ती पुढची पंधराएक वर्षं तशीच भरत राहिली.

---

किलबिल

पोकाहॉन्टसबद्दल, त्या पोव्हाटन सरदाराच्या मुलीबद्दल, कुणीच लिहिलं नाही? माझ्या लेकीला फक्त तेवढंच माहितीय.

---

निळाडबा

लेकीला सांगा की स्मिथला ती भेटली तेव्हा ती दहाअकरा वर्षांची होती, प्रेमकथा वगैरे काही नाही. स्मिथचा जीव वाचवल्याची गोष्ट त्याने स्वतः सविस्तर छापली १६२४ मध्ये, ती वारल्यावर सात वर्षांनी. खरं घडलं ते असं की १६१३ मध्ये इंग्रजांनी तिला फसवून जहाजावर बोलावलं आणि ओलीस ठेवलं. मग बाप्तिस्मा, नाव रेबेका, एप्रिल १६१४ मध्ये तंबाखूवाल्या रोल्फशी लग्न, त्यामुळे काही वर्षं शांतता. १६१६ ला कंपनीने तिला लंडनला नेलं, बघा आमची वसाहत किती छान म्हणून, जाहिरातच. परतीच्या वाटेवर मार्च १६१७ मध्ये ग्रेव्हसेंडला वारली. वय वीसबावीस. ग्रेव्हसेंड पण केंटमध्येच बरं का वकीलसाहेब.

---

जेम्सकाठचा

काल बाबांना फोनवर ईस्ट ग्रीनविचचं सगळं वाचून दाखवलं. खूष झाले, दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "राजाने कंपनीला दिली, कंपनीने लोकांना दिली, ठीक. पण मूळ कब्जेदार तो पोव्हाटन ना? त्याचं नाव कुठल्या फेरफाराने कमी केलं?" मी म्हटलं विचारतो धाग्यावर.

---

गिरगावचावकील

काकांना साष्टांग.

फेरफार आहे. १६४४ मध्ये ओपेकॅनकनोने परत मोठा हल्ला केला, तेव्हा तो इतका म्हातारा की पालखीसारख्या डोलीतून न्यावं लागायचं. पकडला गेला आणि जेम्सटाऊनला कैदेत असताना पहारेकऱ्याने पाठीत गोळी घातली. त्याच्या मागून आलेल्या नेकोटोवान्सशी १६४६ मध्ये तह झाला. पहिलंच कलम असं की तो आपलं राज्य इंग्लंडच्या राजाकडून धरतो. आणि त्याबद्दल दर वर्षी गव्हर्नरला बीव्हरची वीस कातडी द्यायची, 'रानहंस परत जायच्या वेळेला'. हप्त्याची तारीख म्हणून हे तहात लिहिलंय! आणि यॉर्क आणि जेम्स नद्यांच्या मधला मुलूख सोडायचा, तिथे परवानगीशिवाय दिसला तर ठार. तेव्हा काकांच्या भाषेत, मालकाचं कूळ झालं, स्वतःच्याच जमिनीवर.

---

खवचटआजोबा

आणि तो खंड अजून चालू आहे. पामंकी आणि मॅटापोनाय या पोव्हाटनांपैकीच जमातींची माणसं दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास रिचमंडला गव्हर्नरच्या घरासमोर हरीण आणून देतात, कराच्या ऐवजी. धागाकर्ता नऊ वर्षं रिचमंडजवळ राहतो म्हणे, एकदा जाऊन बघून या की.

---

किलबिल

अवांतर: डिसेंबरात मुलांना घेऊन जायचंय, कुठे जायचं? नेटवर दोन जेम्सटाऊन दाखवतंय.

---

जेम्सकाठचा

@किलबिल दोन्ही वेगळी आहेत, तिकिटंही वेगळी. एक खरी जागा, बेटावर, चर्चचा जुना मनोरा, किल्ल्याचं खोदकाम (किल्ला नदीने गिळला असंच सगळे समजत होते, १९९४ मध्ये विल्यम केल्सोने खणायला घेतलं आणि सापडला). दुसरं त्याच्या जवळच, तिथे तीन जहाजांच्या प्रतिकृती आणि पोव्हाटन गाव उभारलंय, लहान मुलांना तेच आवडेल. डिस्कव्हरीवर चढून बघाच, आमच्या ठाण्याच्या फ्लॅटचा हॉल मोठा असेल.

@आजोबा, खरंच माहीत नव्हतं हो, नऊ वर्षं फुकट. नोव्हेंबरात जाणार. बाबांना वीस कातड्यांचं सांगितलं, थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पावती देत होते का?"